थाई पाहुण्यांचा 'हेल' गावागणिक बदलतो, त्याचा हिशेब कसा लावायचा?

वेरूळचा_वाटाड्या

नमस्कार मंडळी. अजिंठा-वेरुळाला थाई गट येतात, त्यांच्याशी बोलण्यापुरती थाई शिकणं चालू आहे. बँकॉकचे पाच सूर (सपाट, खालचा, उतरता, वरचा, चढता) बऱ्यापैकी कानात बसलेत. घोळ पुढं आहे. 'क्लाय' सपाट म्हटलं की 'दूर' आणि उतरत म्हटलं की 'जवळ', असं पुस्तक सांगतं. पण उत्तर थायलंडातल्या चिआंग माईकडचे लोक 'दूर' म्हणतानाच सूर चढवतात. ईशान्य थायलंडातलं नोंगखाय, पलीकडची लाओसची राजधानी व्हिएन्तियान, तिकडचा माणूस 'मा' म्हणजे 'ये' म्हणतो आणि कानाला 'मा' म्हणजे 'घोडा' ऐकू येतं.

आपल्याकडं लातूरचा हेल वेगळा, परभणीचा वेगळा, नांदेडचा आणखीन वेगळा, तसंच हे असतंय का? की ह्याला काही नियम आहे? गावागणिक सूर पाठ करत बसायला आयुष्य पुरायचं नाही. शिवाय एकच माणूस एका वाक्यात गावाकडचा सूर लावतो अन् दुसऱ्यात बँकॉकचा, ते कसं ओळखायचं?

---

मन्याडकाठची

आधी 'हेल' हा शब्द बाजूला ठेवा, सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. परभणीचा हेल वाक्यावर चढतो. 'कुठं चाललास' कोणत्याही हेलात म्हणा, अर्थ तोच राहतो. थाई सूर शब्दाच्या अंगातच असतो, 'क' जागी 'ख' आला की शब्द बदलतो तसा सूर बदलला की शब्द बदलतो. त्यामुळं तो गावागणिक मनमानी बदलू शकत नाही, बदलला तर अख्ख्या गटाचा एकदम बदलतो. हा गट ओळखता आला की पाठांतर संपलं.

गट कुठून आले ते थोडक्यात. थाई, लाओ (लाओस आणि ईशान्य थायलंडची), शान (म्यानमारमधली), उत्तर थाई (चिआंग माईकडची), आसामातल्या खामती-फाके या सगळ्या ताई कुळातल्या (आपली ताई नव्हे). त्यांच्या मूळ भाषेत मोकळ्या अक्षरांना तीनच सूर होते. अभ्यासक त्यांना ए, बी, सी म्हणतात. प, त, क अशा स्फोटकानं बंद होणाऱ्या अक्षरांचा गट म्हणजे डी, त्यात पुन्हा ऱ्हस्व-दीर्घ. पुढं काय झालं, तर सुरुवातीच्या व्यंजनातला घोष-अघोष (ब-प, द-त, ग-क असा) हा फरक बऱ्याच ठिकाणी पुसला गेला. पुसण्याआधी घोष व्यंजनामागचा सूर जरा खाली अन् अघोषामागचा जरा वर असायचा. व्यंजनातला फरक गेला, सुरातला राहिला, आणि एका सुराचे दोन-दोन झाले.

मराठी माणसाला याचा पुरावा पटकन पटतो. थाईत 'बुद्ध' हा शब्द 'ब'च्या जागच्या अक्षरानं लिहितात, उच्चारतात मात्र 'फुत'. 'दान' झालं 'थान', 'गुहा' झाली 'खूहा'. म्हणजे जुने ब-द-ग आज बँकॉकात फ-थ-ख झालेत. लिपी जुनी राहिली, उच्चार पुढं गेला.

विल्यम गेडनी यांनी १९७२ साली यावरून २० घरांचा एक तक्ता दिला. तोच तुमचा हिशेब. उभे रकाने पाच: ए, बी, सी, डी-ऱ्हस्व, डी-दीर्घ. आडव्या ओळी चार, त्या सुरुवातीच्या जुन्या व्यंजनावरून: पहिलीत ख, फ, स, ह आणि अघोष म-न. दुसरीत प, त, क. तिसरीत गळा आवळून काढलेले ब-द. चौथीत जुनी घोष व्यंजनं, म-न-ल धरून. मूळ शब्दाचं घर कोणत्याही बोलीत बदलत नाही. बदलते ती घरांमधली भिंत. कुठं दोन घरांचा एक हॉल झालेला असतो, कुठं मधे नवी भिंत उभी राहते.

ए-रकान्याची चाचणी चार शब्दांची आहे. चित्र लागत नाही, बोट दाखवलं तरी चालतं. खा (पाय), ता (डोळा), दॅङ (लाल), मू (हात, पण ओठ गोल न करता 'ऊ' म्हणायचा). हे अनुक्रमे ए-१, ए-२, ए-३, ए-४ (आधी रकाना, मग ओळ).

बँकॉक: पाय वेगळा (चढता), बाकी तिन्ही एकाच सपाट सुरात.
चिआंग माई: पाय आणि डोळा एका सुरात (चढत्या), लाल आणि हात दुसऱ्या.
व्हिएन्तियान: पाय एक, डोळा-लाल दुसरा, हात तिसरा. तिसरा वरच्या पट्टीत.
शान: पहिले तिन्ही एकत्र, हात वेगळा.

तुमची दोन्ही कोडी इथंच सुटतात. 'दूर' हा ए-२, म्हणून चिआंग माईत डोळ्याबरोबर चढतो. 'ये' हा ए-४, म्हणून व्हिएन्तियानला वर जातो. 'घोडा' सी-४, तो बँकॉकात वर जातो. तुमचा कान बँकॉकचा आहे, म्हणून माणूस 'ये' म्हणाला अन् तुम्हाला घोडा दिसला.

ही चाचणी एकटीच पुरत नाही. लुआंग प्रबांगच्या लाओतही पाय एकीकडं अन् बाकी तिन्ही एकीकडं, म्हणजे तक्त्यावर बँकॉकसारखंच. म्हणून पुढचे सहा शब्द घ्या: खाय (अंडं, बी-१), फॉ (बाप, बी-४), खाव (भात, सी-१), नाम (पाणी, सी-४), पीक (पंख, डी-दीर्घ-२), मीत (चाकू, डी-दीर्घ-४).

बँकॉकात अंडं-पंख एका सुरात, बाप-भात-चाकू दुसऱ्या, पाणी एकटं. व्हिएन्तियानला अंडं-बाप, भात-पंख, पाणी-चाकू अशा जोड्या. चिआंग माईत अंडं-पंख, बाप-चाकू, भात एकटा, पाणी एकटं. पंख भाताबरोबर गेला की समोरचा लाओ बोलतोय, अंड्याबरोबर गेला की नाही. एवढं एक ध्यानात राहिलं तरी अर्धं काम झालं. मोजून बघा: बँकॉकचे पाच सूर भरतात, बाकी दोघांचे सहा-सहा.

---

अक्षरओळख

वरच्या उत्तरात एक भर. थाई वाचता येत असेल तर हा तक्ता वेगळा पाठ करायचीही गरज नाही, तो लिपीतच आहे. थाईत व्यंजनांचे तीन वर्ग शिकवतात. वरचा वर्ग म्हणजे तक्त्यातली ओळ १, मधला म्हणजे २ आणि ३, खालचा म्हणजे ४. शब्द स्फोटकानं बंद होत नसेल आणि त्यावर सूरचिन्ह नसेल तर रकाना ए, 'माय एक' असेल तर बी, 'माय थो' असेल तर सी. आणि ही चिन्हांची नावं म्हणजे आपलेच आकडे: एक, द्वि, त्रि, चत्वारि. उरलेली दोन, 'त्री' आणि 'चत्तवा', फक्त मधल्या वर्गाच्या अक्षरांवर येतात, म्हणजे उशिरा आलेल्या अन् उसन्या शब्दांपुरतीच. ती तक्त्यासाठी सोडून द्या.

पण संस्कृत-पालीतून आलेले शब्द या चाचणीत घेऊ नका. 'रथ' आणि 'रस' दोन्ही थाईत 'रोत' होतात, दोन्ही वरच्या सुरात. तो सूर मूळ ताई भाषेतून आलेला नाही. खालच्या वर्गाचं अक्षर, ऱ्हस्व स्वर आणि शेवटी स्फोटक, यावरून लिपीच्या नियमानं पडलेला आहे. अजिंठ्यावर बोलताना असेच शब्द जास्त येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

---

रेकॉर्डिंगवाला_लातूर

कानावर पूर्ण विसंबू नका, ध्वनिमुद्रण करून प्राट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बघा. पद्धत अशी.

फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालेल, पण वाव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर हा उद्योग करू नका. सुराची रेघ ढोबळ मिळते, गळा आवळल्याचा बारकावा जातो, आणि सी-रकान्यात बऱ्याच बोलींत नेमका तोच लागतो. माइक तोंडापासून वीत-दीड वीत, जरा बाजूला. लेण्याच्या आत अजिबात नको, तिथला घुमारा आधीच्या अक्षराचा सूर पुढच्यावर सांडतो. चालू बसजवळही नको: इंजिनाची घरघर पुरुषाच्या आवाजाच्याच पट्टीत येते अन् प्राट तिलाच सूर समजून रेघ काढतो.

२० घरं, प्रत्येकी ३ शब्द, प्रत्येक शब्द ३ वेळा, म्हणजे १८० उच्चार. एका माणसाला साधारण अर्धा तास. शब्द यादीच्या क्रमानं विचारू नका, चिठ्ठ्या पिसून घ्या. यादी वाचताना माणूस शेवटच्या शब्दावर सूर टाकतो आणि मधल्यांवर तोलून धरतो, तो यादीचा हेल तुमच्या मोजमापात घुसतो. शक्यतो प्रत्येक शब्द एकाच छोट्या वाक्यात मधोमध बसवा.

प्राटमध्ये पट्टीची मर्यादा पुरुषाला ७५ ते ३०० हर्ट्झ, बाईला १०० ते ५००. सूर स्वर सुरू झाल्यापासून धरा. शेवटी म, न, ङ असेल तर तोही धरा, सुराची शेपटी तिथंच असते. त्या लांबीचे दहा समान भाग करून प्रत्येक ठिकाणचा आकडा घ्या. पहिला भाग सोडून द्या, कारण ख-फ-स नंतर सूर आपोआप थोडा वरून सुरू होतो, तो व्यंजनाचा धक्का आहे. रेघ मधेच अर्ध्यावर पडली (२०० वरून एकदम १००) तर तो बोलणाऱ्याचा सूर नव्हे. आवाज खरखरला की प्राट चुकतो. तिथला आकडा टाकून द्या किंवा लहरी स्वतः मोजा.

आणि हर्ट्झ सरळ ताडून बघू नका. पेटीवर पांढरी दोन की काळी चार, पट्टी कोणतीही घ्या, चाल तीच राहते, तसं हे आहे. प्रत्येक माणसाची स्वतःची सरासरी काढा आणि तिच्यापासून किती अर्धस्वर (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) वर-खाली एवढंच बघा.

---

मन्याडकाठची

रेकॉर्डिंगवाल्या दादांचं सगळं बरोबर, पण सगळ्यात मोठी चूक यंत्राआधीच होते, शब्द विचारताना. इसानच्या, म्हणजे ईशान्य थायलंडच्या माणसाला थाई अक्षरात लिहिलेला शब्द दाखवला की तो बँकॉकच्या सुरात वाचतो, कारण वाचायला तो शाळेत बँकॉकच्याच थाईत शिकला. तुम्ही थाईत शब्द उच्चारून 'तुमच्याकडं काय म्हणतात' विचारलं तरी तुमचाच सूर परत येतो. बोट, चित्र, खूण, नाहीतर सरळ इंग्रजी. त्याहून बरं म्हणजे एकाच गावचे दोघं मिळाले तर त्यांना एकमेकांशी बोलू द्या. आधी परवानगी विचारा, हे वेगळं सांगायला नको.

---

गोदाकाठ_ना

तुमच्यातल्या दोघांनाही एक शंका. कान तयार नसेल तर प्राट कितीही उघडा, समोर रेघाच दिसणार. मराठी माणसानं पहिला सराव पंजाबीवर करावा. नांदेडला हुजूर साहिबला पंजाबातून आलेली माणसं बारा महिने भेटतात. त्यांना तीन शब्द म्हणायला सांगा: कोड़ा (चाबूक), घोड़ा, कोढ़ा (कुष्ठरोगी). तिन्हींच्या सुरुवातीला 'क'च ऐकू येईल. चाबूक सपाट, घोडा खालच्या सुरात, तिसरा वरच्या. घ आणि ढ मधला घोष महाप्राण गेला आणि त्याच्या जागी सूर राहिला. गुरुमुखीत अजून 'घ'च लिहितात. फुत-बुद्धाचीच गोष्ट, फक्त घरच्या अंगणात.

एक मात्र सांगतो, बँकॉकच्या 'वरच्या' सुराच्या नावावर जाऊ नका. गेल्या शंभर वर्षांत त्याचा आकार बदललाय, आता तो मधून सुरू होऊन शेवटाकडं चढतो. नवखा माणूस 'घोडा' आणि 'कुत्रा' (दोन्ही 'मा') इथंच घोळतो. फरक सुरुवातीला ऐका: कुत्र्याचा सूर आधी खाली बुडी मारतो, घोड्याचा मारत नाही.

---

वेरूळचा_वाटाड्या

लई आभार. दहा शब्दांची चाचणी नोंगखायच्या एका गटावर लावली. पाय एक, डोळा-लाल एक, हात वेगळा. अंडं-बाप जुळले, भात-पंख जुळले. म्हणजे लाओच. पण हत्तीचं चित्र दाखवलं तर 'छाङ' आलं, 'गरम'ला 'रॉन' आलं, आणि दोन्हींचे सूर तक्त्यात बसेनात. मग तक्ता चुकला का ऐकणारा?

---

मन्याडकाठची

दोन्ही बरोबर. हे दोन शब्द त्या माणसानं बँकॉकच्या खिशातून काढून दिलेत. खूण व्यंजनात आहे. हत्ती बँकॉकात छाङ, चिआंग माईत चाङ, लाओत साङ. 'गरम' बँकॉकात रॉन, चिआंग माई आणि लाओ दोन्हीकडं हॉन. 'र'चा 'ह' होणं आणि जुन्या 'ज'चा 'स' होणं हा लाओचा कायदा आहे. तो मोडलेला दिसला की शब्द बाहेरून आलाय किंवा माणसानं तेवढ्यापुरती भाषाच बदलली आहे.

यात थर असतात, तेही बघा. लाओत वाहनाला 'लोत' म्हणतात. हा आपला 'रथ'. देशी 'र' असता तर 'होत' झाला असता. तो 'ह'च्या वाटेनं न जाता 'ल'च्या वाटेनं गेला, त्यावरून तो उसना आहे हे कळतं. म्हणजे ह आला तर वडिलोपार्जित, ल आला तर उसनवार, आणि स्वच्छ र आला तर बहुतेक आत्ताची बँकॉकची छाप.

आता सूर. उसना शब्द दोन तऱ्हांनी येतो. एक, तक्त्यातल्या घरासकट: माणसाला मनातल्या मनात ठाऊक असतं की बँकॉकचा अमुक सूर म्हणजे आपला तमुक, आणि तो भाषांतर केल्यासारखा आपला सूर लावतो. शेजारी-शेजारी राहणाऱ्या सख्ख्या भाषांत हे फार चालतं. दोन, कानाला जसा पडला तसा: बँकॉकचा चढ-उतार तसाच उचलून आपल्याकडच्या त्यातल्या त्यात जवळच्या सुरात टाकायचा. पहिल्या तऱ्हेत सूर तक्त्याप्रमाणं बरोबर येतो आणि चोरी फक्त व्यंजनावरून पकडता येते. दुसऱ्या तऱ्हेत सूरही चुकीच्या घरात पडतो. तुमचे दोन्ही शब्द तक्त्याबाहेर गेले, म्हणजे दुसरी तऱ्हा, नाहीतर तेवढ्यापुरती भाषा बदलली.

हेही तपासता येतं. हत्ती आणि गरम हे दोन्ही सी-४ आहेत. त्याच माणसाचं 'पाणी' (तेही सी-४) काढा आणि तिन्हींच्या रेघा एकमेकींवर ठेवा. पाणी वरून उतरत असेल आणि हत्ती-गरम शेवटी चढत असतील, तर चढ बँकॉकचा आहे. मग 'हत्ती पाणी पितो' एवढं वाक्य त्याच्या सोबत्याला उद्देशून म्हणायला लावा. तिथं साङ आलं तर आधीचं छाङ हे तुमच्यासाठीचं सौजन्य होतं. तिथंही छाङच आलं तर शब्द खरोखर बदललाय.

आपल्याकडं दखनीनं मराठीचा 'नको' घेतला आणि 'नक्को' केला. शब्द आपला, ठेका त्यांचा. तो मुरलेला शब्द. कुणी दखनीत बोलता-बोलता साधं 'नको' म्हणालं तर तो शब्द आत्ता, समोरच्या मराठी माणसासाठी काढलेला. फरक तेवढाच आहे, फक्त थाईत तो द्वित्ताऐवजी सुरात दिसतो.

---

अक्षरओळख

यावर थोडा आक्षेप. सूर तक्त्याबाहेर गेला की लगेच 'बँकॉकचा प्रभाव' म्हणायची घाई नको. बोलीत आपापसांतही घरं एकमेकांत मिसळतात, त्याला बाहेरची भाषा लागत नाही. आसामात बघा. फाके बोलीत सहा सूर आहेत, ऐतोनमध्ये तीनच. दोघींच्या भोवती असमिया, जिला सूर नाहीत. भोवतालच सूर पुसत असता तर दोघींचे सारखे पुसले गेले असते.

आहोम या आसामातल्याच दुसऱ्या ताई भाषेचं उदाहरणही लोक चुकीचं देतात. आहोम राज्याचा संस्थापक सुकाफा १२२८ ला आसामात आला, पुढं त्याच्या लोकांनी असमिया धरली आणि आहोम रोजच्या बोलण्यातून गेली. सूर झिजून भाषा गेली असं झालं नाही, भाषा सुटली म्हणून सूर गेले. आहोम लिपीत सूरचिन्हंच नाहीत, त्यामुळं बुरंजी, म्हणजे आहोमांच्या बखरींच्या, पोथ्या वाचता येतात पण त्यांतले सूर पोथीतून परत काढता येत नाहीत.

---

मन्याडकाठची

मान्य. म्हणून तर नियम असा की एकटा शब्द घराबाहेर असेल तर उसना समजायचा, आणि अख्खं घरच शेजारच्या घरात गेलं असेल तर तो बोलीचा स्वतःचा बदल. वाटाड्या भाऊंचे बाकीचे सी-४ जागेवर आहेत ना? पाणी, लाकूड (माय), धाकटं भावंड (नॉङ) हे तपासा. ते जागेवर असतील तर माझंच म्हणणं. तेही हत्तीबरोबर गेले असतील तर अक्षरओळख यांचं.

---

वेरूळचा_वाटाड्या

पाणी आणि चाकू जुळतात, एवढं मागच्या वेळचं पक्कं आहे, दोन्ही वरून उतरतात. लाकूड अन् भावंड विचारायचं राहिलंय. हा गट सोमवारी अजिंठा बंद म्हणून वेरुळालाच आहे, संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी बस बंद करून घेतो. चिठ्ठ्या पिसून.